फाशी दिली तर जरब बसते का? सत्र न्यायालयातल्या एका वकिलाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावातल्या नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, आरोपी तुरुंगात आहे, मोर्चा निघाला, आणि तुमचे बंधू म्हणतात, "असल्या दोघा-चौघांना भर चौकात लटकवा, बघा कसं बंद होतं ते." हे खरं आहे का? न्याय्य आहे का? आणि नसेल, तर त्या मुलीच्या आईला आम्ही काय सांगायचं? शेवटचा भाग सगळ्यात अवघड, म्हणून तो शेवटीच घेतो.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात बत्तीस वर्षं फौजदारी वकिली करतोय. त्यातली सात वर्षं सरकारी वकील होतो, बाकी सगळी बचाव पक्षात. सरकारी बाजूला असताना एका खटल्यात मी स्वतः उभं राहून फाशी मागितलेली आहे. न्यायाधीशांनी जन्मठेप दिली. त्या आरोपीबद्दल मला आजही कणभर दया येत नाही. म्हणजे "आरोपींचे वकील असंच बोलणार" असं म्हणून हे उत्तर बाजूला ठेवू नका.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. याला फाशी दिल्याने पुढचा थांबेल का, हा एक. याचं जे काही होईल ते याच्या गुन्ह्याला साजेसं असेल का, हा दुसरा. मोर्चात दोन्ही एकाच घोषणेत येतात, आणि तिथे ते चालतंही. उत्तर देताना मात्र सोडवावे लागतात.

जरबेपासून सुरू करू. खुनाच्या खटल्यांतली माझी बहुतेक अशिलं शेतकरी, शेतमजूर, नाहीतर दारूच्या अड्ड्यावर भांडलेली माणसं होती. बांधावरून भांडण, भावकीचा वाद, बायकोवर संशय. एक जण आठवतो. चुलतभावाला कुऱ्हाडीने मारलं आणि त्याच कपड्यांवर चालत पोलीस ठाण्यात जाऊन बसला. शिक्षेचा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो मी वकीलपत्रावर त्याचा अंगठा घेतला तेव्हा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिलेत तरी खुनाच्या कारणांत वर्षानुवर्षं 'वाद' हेच पहिल्या क्रमांकावर असतं. अशा माणसाला कलमाची जरब बसायची कशी? त्या क्षणी त्याला स्वतःची पोरंही आठवत नाहीत.

यावर तुमचे बंधू म्हणतील, "पण थंड डोक्याने करणारेही असतात की." असतात. जमिनीसाठी सुपारी देणाऱ्या एकाचा खटला मी चालवला. त्याने हिशेब केला होता, आणि चांगला बारकाईने केला होता. त्या रात्री मोबाईल घरी ठेवला, सुपारीचे पैसे तीन हातांतून फिरवले, स्वतः लग्नाच्या पंगतीत दहा जणांना दिसेल असा बसला. या हिशेबात पकडलं जाण्याची भीती पानोपान होती. शिक्षा काय होईल हा मुद्दाच नव्हता, कारण आपण सापडणार नाही असंच तो धरून चालला होता. तीनशे दोनला फाशी असते हे त्याला माहीत होतं. (आता ते कलम भारतीय न्याय संहितेत १०३ झालंय, पण कोर्टाच्या आवारात अजून सगळे तीनशे दोनच म्हणतात.)

जुने पुणेकर इथे हमखास जोशी-अभ्यंकर खटल्याचा दाखला देतात. १९७६-७७ मध्ये त्या खूनसत्राने पुण्यात संध्याकाळनंतर लोक दार उघडेनासे झाले होते. चौघांना फाशी झाली आणि पुन्हा तसं घडलं नाही, असं सांगतात. पण तारखा बघा. टोळी पकडली गेली १९७७ मध्ये आणि येरवड्यात फाशी दिली गेली नोव्हेंबर १९८३ मध्ये. पुणेकर रात्री पुन्हा बाहेर पडू लागले ते पोरं गजाआड गेल्यावर. फाशीसाठी सहा वर्षं कोणी घरात बसून राहिलं नव्हतं.

आणखी एक जुनं उदाहरण. त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्ये फाशी बंद केली. १९५० नंतर भारतीय कायदा लागू झाला आणि ती परत आली. आधीची पाच वर्षं आणि नंतरची पाच वर्षं ताडून पाहिली तर खुनांचा आकडा जवळपास तोच राहिला. अमेरिकेत तर यावर पोतंभर अभ्यास झाले. २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ते सगळे तपासले आणि सांगितलं, की फाशीने खून कमी होतात की वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे या अभ्यासांवरून ठरवता येत नाही. म्हणजे "फाशीची जरब बसत नाही हे सिद्ध झालंय" असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बसते हे कोणी दाखवून दिलेलं नाही, एवढंच म्हणतो. आणि माणसाचा जीव घ्यायचा असेल तर दाखवून देण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.

आपल्याकडे तर जरब बसण्याइतकी फाशी होतही नाही. देशात दरवर्षी अठ्ठावीस-तीस हजार खुनांची नोंद होते. २००४ मधल्या कोलकात्याच्या फाशीपासून २० मार्च २०२० रोजी तिहारमध्ये निर्भयाच्या चार गुन्हेगारांना फाशी झाली तोपर्यंत, संपूर्ण देशात एकूण आठ जण फासावर गेले. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत या शतकात दोनच फाशा झाल्या. येरवड्यात २०१२ मध्ये कसाबला आणि नागपुरात २०१५ मध्ये याकूब मेमनला. दोन्ही दहशतवादाचे खटले, आणि कसाब तर मरायच्या तयारीनेच आलेला. तालुक्याच्या गावातल्या नराधमाला यातून काय कळणार?

मग वर्तमानपत्रात दर आठवड्याला "नराधमाला फाशी" असं छापून येतं ते काय? ती सत्र न्यायालयाची फाशी. तिच्यावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब झाल्याशिवाय ती अंमलात येऊच शकत नाही. मोर्चातल्या पोरांना हे कोणी सांगत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये या शतकातल्या पहिल्या पंधरा वर्षांच्या फाशीच्या शिक्षांचा माग काढला. वरच्या कोर्टांत जाऊन आलेल्या शिक्षांपैकी फाशी कायम राहिली ती जेमतेम पाच टक्क्यांत. जवळपास दोन-तृतीयांश सौम्य झाल्या. आणि सुमारे तीस टक्के लोक निर्दोष सुटले. पुन्हा वाचा: खालच्या कोर्टाने फाशी दिलेल्या दर दहा जणांतले तीन निर्दोष.

इथे आपण जरबेवरून न्यायाकडे आलो. या दुसऱ्या प्रश्नावर माझं मत एका खटल्याने बदललं. तो खटला माझा नव्हता, पण महाराष्ट्रातलाच.

५ जून २००३ च्या रात्री एका शेतवस्तीवर दरोडा पडला. एका कुटुंबातले पाच जण मारले गेले, बायकांवर बलात्कार झाला. ऐकून कोणाचंही रक्त उसळेल असाच गुन्हा होता. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, तिघांना जन्मठेप केली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. म्हणजे सहाच्या सहा फासाच्या दारात. मग पुनर्विचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण असं निघालं, की वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांवर आरोपपत्रच गेलं नाही. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं तुरुंगात काढल्यावर प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला.

हे सगळं व्हायला सोळा वर्षं लागली म्हणून ते जिवंत सापडले. तुमचे बंधू म्हणतात तसं "सहा महिन्यांत लटकवा" झालं असतं, तर आज त्या गावाच्या लेखी न्याय झालेला असता आणि खरे गुन्हेगार बाजारात हिंडत असते. बहुधा हिंडतच असतील.

हे एकच उदाहरण नाही. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेला माणूस गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे २०२३ मध्ये शाळेच्या दाखल्यावरून ठरलं. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षं आत काढली होती, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी दिली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या बारा आरोपींना सोडलं. सरकारचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयापुढे गेलंय, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पण बाराव्या की तेराव्या वर्षी कोणत्या पायरीवर काय निघेल हे आम्हा वकिलांनाही सांगता येत नाही, एवढं त्यावरून समजा.

"पण कधीकधी पुरावा शंभर टक्के असतो," असं तुम्ही म्हणाल. मान्य. अशा वेळी मला दुसरीच गोष्ट टोचते, आणि ती माझ्या स्वतःच्या चुकीची आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचन सिंग निकालापासून फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यायची, आणि ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघायचा, असा दंडक आहे. वीसेक वर्षांपूर्वी विधी सेवेतून, म्हणजे गरिबाला सरकार मोफत वकील देतं त्या सोयीतून, माझ्याकडे असा एक खटला आला. सकाळी साडेअकराला दोषी ठरवलं आणि "शिक्षेवर जेवणाच्या सुट्टीनंतर ऐकतो" असं कोर्ट म्हणालं. मी काय सांगितलं? वय चोवीस, आई म्हातारी, पहिलाच गुन्हा. चार मिनिटं. फाशी झाली. उच्च न्यायालयात दुसऱ्या वकिलाने त्याच्या गावी माणूस पाठवला. नवव्या वर्षापासून पोरगा वीटभट्टीवर होता, बाप डोळ्यांदेखत मारला गेला होता, दोनदा दवाखान्यात नेऊन डोकं तपासलेलं होतं. हे सगळं त्याच्या आईने मला सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं. जन्मठेप झाली. तो सुटायला हवा होता असं मी म्हणत नाही, त्याने केलं ते केलंच. पण त्याचा जीव माझ्या चार मिनिटांवर लटकला होता. २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती खालच्या कोर्टातच गोळा करायला सांगितलं, सरकारलाही त्यात जबाबदार धरलं. चांगलं झालं. त्याआधी गेलेल्यांचं काय, हे मात्र कोणी विचारू नये. १९९५ मध्ये राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फक्त गुन्हा पाहिला, माणूस पाहिला नाही, आणि पुढच्याच वर्षी फाशी झाली. तो निकाल दंडकाला सोडून होता असं त्याच न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केलं. फाशीनंतर तेरा वर्षांनी.

आणि फाशीच्या रांगेत बसलेल्यांत पैसेवाले शोधून सापडत नाहीत. त्याच २०१६ च्या अभ्यासात तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या अगदी तळातले होते. चांगला वकील पहिल्या दिवसापासून, जामिनाच्या अर्जापासून, पंचनाम्यातली भोकं शोधायला लागतो. विधी सेवेच्या वकिलाला बऱ्याचदा दोषारोप ठेवले जातात त्या दिवशी कागद मिळतात.

आता तुमच्या गावातल्या खटल्याच्या जवळ येतो, कारण इथे फाशीने उलटं नुकसान होऊ शकतं. २०१८ पासून बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला किमान वीस वर्षं आणि फाशीपर्यंत शिक्षा आहे. २०१९ मध्ये पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्यातही, फाशी आली. ऐकायला बरं वाटतं. पण या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो: काका, आजोबा, शेजारी, शिकवणीवाला. सरकारी वकील असताना, म्हणजे हा कायदा यायच्या कितीतरी आधी, एका मुलीची आई माझ्यासमोर उलटली. आरोपी तिचा दीर होता. नंतर बाहेर गाठून विचारलं तर म्हणाली, "साहेब, सासू म्हणतीय, जन्मभर आत सडंल पोरगं, तुझ्यामुळं." तेव्हा शब्द 'जन्मभर' होता. आता तिथे 'फाशी' आलाय. सासूच्या हातात आपण आणखी धारदार हत्यार दिलं. आणि बलात्काराला आणि खुनाला शिक्षा एकच झाली, तर एकुलत्या एका साक्षीदाराला जिवंत ठेवण्यात आरोपीला काय फायदा उरतो? २०१३ मध्ये निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती, ती गुन्हेगारांच्या प्रेमापोटी नव्हे.

लोकांची एक गैरसमजूत इथेच काढतो, कारण फाशीच्या मागणीतला निम्मा जोर तिच्यातून येतो. "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग सुटून मिशीला पीळ देत येतो." नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं पुरी होण्याआधी सरकारला सूट देताच येत नाही, इतकाच त्या चौदाचा अर्थ. शिवाय २००८ पासून उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं वीस, पंचवीस, तीस वर्षं सूट नाही, किंवा मरेपर्यंत सूट नाही, अशीही जन्मठेप देतात. पुण्यातल्या २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खून खटल्यात असंच झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फाशी कायम केली होती. पण दयेचा अर्ज आणि फाशीचा वॉरंट यांच्या कागदांत चार वर्षांहून जास्त गेली, म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पस्तीस वर्षांची कैद केली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशीही जानेवारी २०२२ मध्ये अशाच दिरंगाईपायी गेली. या दोन्ही प्रकरणांत मयतांच्या घरच्यांनी प्रत्येक पायरीवर पुन्हा सगळं ऐकलं, टीव्हीवर पुन्हा पाहिलं. पहिल्याच दिवशी सूट नसलेली जन्मठेप झाली असती, तर त्यांचं कोर्टाशी नातं कितीतरी वर्षं आधी तुटलं असतं.

मग जरब कशाने बसते? माझ्या अनुभवात, अगदी नीरस गोष्टींनी. वैद्यकीय तपासणी चोवीस तासांत होणं. मुद्देमालाचं सील नीट लागणं. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल खटला संपायच्या आत येणं. पंच खरे असणं, ठाण्याजवळच्या टपरीवरचे नेहमीचे दोघे नसणं. तपास अधिकाऱ्याची बदली झाली तरी तो साक्षीला येणं. देशात खुनाच्या निकाली निघालेल्या खटल्यांपैकी निम्म्यांहून कमी खटल्यांत शिक्षा होते. उरलेले सुटून गावात येतात, आणि जरब जाते ती त्या दिवशी. फाशीचं कलम वाढवायला अधिवेशनाचे दोन दिवस पुरतात. प्रयोगशाळेतल्या रिकाम्या जागा भरायला पैसे लागतात, त्यावर मोर्चा निघत नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर माझी अडचणही सांगतो. ज्याने तुरुंगात बसूनही माणसं मारली, मारवली, त्याच्याबद्दल माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आणि दहशतवादाच्या खटल्यांबद्दल माझा अनुभव शून्य आहे. तिथे माझं मत तुमच्या बंधूंच्या मताइतकंच धरा.

आता त्या आईबद्दल. तिला यातलं काहीही सांगू नका. फाशी मागायचा तिला पूर्ण हक्क आहे आणि तिला आकडे ऐकवणाऱ्याने तोंड सांभाळावं. तिला दुसरं काही हवं आहे, ते विचारा. मनोधैर्य योजनेचा, म्हणजे पीडितांना मिळणाऱ्या सरकारी आर्थिक मदतीचा, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलाय का, पैसे आले का. सरकारी वकिलांना मदत म्हणून तिच्या बाजूने स्वतंत्र वकील देता येतो, तो आहे का. आरोपीच्या नातेवाइकांकडून दबाव येत असेल तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करता येतो. जामिनाच्या अर्जावर तिचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे, त्याची नोटीस मिळते का ते बघा. मुलीची साक्ष बंद खोलीत होते आणि आरोपी तिला दिसणार नाही अशी सोय करावी लागते, हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती रात्र रात्र त्याच काळजीत काढणार नाही.

आणि तारखेला तिला एकटीला पाठवू नका. मोर्चाला हजार माणसं होती असं तुम्ही लिहिलंय. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाजूला आरोपीचे पंधरा-वीस नातेवाईक उभे असतात आणि समोरच्या बाकावर आई-मुलगी दोघीच बसलेल्या असतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मोजणं सोडून दिलं. दोघी-तिघी बायका सोबत जा, डबा न्या. साडेदहाला बोलावलेली साक्ष बहुतेक चार वाजताच निघते.